आंघोळ, चहा, भाकर

मे महिन्यात स्वेटर घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आणि मे महिना कुठला, तर आमच्या शहाद्याकडचा. आमच्याकडे मे महिन्यात कावळा पत्र्यावर उतरताना आधी एक पाय टेकवून बघतो, आणि दुसरा टेकवावा की नाही हे ठरवायला परत लिंबावर जाऊन बसतो. अशा दिवसांत आबा विटकरी रंगाचा, पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून, कानाला मफलर गुंडाळून आपल्या पत्र्याच्या दुकानात बसलेले असायचे. कोणी विचारलं की म्हणायचे, "वारा लागस ना भो."

आबांची सगळी नोकरी साखर कारखान्यात बॉयलरसमोर गेली होती. पहिल्याच हंगामात भट्टीच्या झोताने त्यांच्या भुवया गेल्या, त्या पुन्हा काही उगवल्या नाहीत. त्यामुळे आबा रागावलेत, चेष्टा करतायत की नुसतेच बसलेत हे चेहऱ्यावरून कोणालाही कळत नसे. त्यांच्या बायकोलाही कळत नसे, असं त्या स्वतः सांगत. इतकी वर्षं भट्टीकडे तोंड करून काढल्यावर बाहेरचं जग त्यांना कायमचंच गार पडलं होतं. चहा तर ते उकळी फुटलेल्या पातेल्यातून थेट बशीत घेत आणि फुंकर न मारता पीत. एकदा आमच्या घरी मी शेजारी बसले असताना त्यांनी आईने केलेला असा चहा प्यायला, बशी खाली ठेवली, आणि म्हणाले, "वहिनीले सांग, पुढल्या बारले गरम कर." मी अतिशयोक्ती करत नाही. आबांच्या बाबतीत तिची गरजच पडत नाही.

निवृत्त झाल्यावर माणसं देवदेव करतात, प्रकाशा गावी जाऊन तापीच्या घाटावर बसतात. आबांनी कारखान्याच्या वसाहतीच्या फाटकाबाहेर दुकान टाकलं. पाटी स्वतःच्या हाताने रंगवली : "पंप, मिक्सर, संगणक. गरम होत असेल तर या." लोक आधी पंप घेऊन आले, मग मिक्सर, आणि मग घरोघरी लॅपटॉप आले तसे लॅपटॉप. बॉयलरवाल्या म्हाताऱ्याला लॅपटॉपमधलं काय कळतं, असं ज्यांनी विचारलं त्यांना आबांनी एकच उत्तर दिलं, "डबामा आग शे, आन आग डबाबाहेर काढनी शे. मी जन्मभर दुसरं काय करं?"

तापमापकावर त्यांचा विश्वास नव्हता. "ती काच शे. काचले काय कळस?" असं म्हणून ते उजव्या हाताची पालथी बाजू यंत्राला लावत आणि डोळे मिटत. मग निकाल. आबांच्या मोजपट्टीवर तीनच खुणा होत्या : आंघोळ, चहा आणि भाकर. आंघोळीच्या पाण्याइतकं गरम, म्हणजे यंत्र सुखात आहे. चहाइतकं, म्हणजे मेहनत करतंय, करू द्या. तव्यावरच्या भाकरीइतकं झालं की बंद करायचं, हात जोडायचे, आणि ज्याने विकलं त्याच्याकडे परत न्यायचं. डॉक्टर नाडी बघतो तसे आबा हात ठेवत, आणि आजूबाजूचे लोक श्वास रोखून उभे राहत. "आंघोळ," म्हणाले की सगळे हसत सुटत.

पुढे आबा लॅपटॉप विकूही लागले, आणि त्यांच्याकडून लॅपटॉप घेणं म्हणजे मुलगी मागायला जाण्यासारखं होतं, फक्त उलटं. चौकशी मुलाकडच्यांची व्हायची. घर पत्र्याचं की स्लॅबचं? लाइट किती वेळ जाते? टेबल आहे, की पलंगावर बसून चालवणार? पलंगावर म्हटलं की आबा काउंटरवरचा लॅपटॉप उचलून आत ठेवून देत. खांडबाऱ्याच्या एका शिक्षकाला लॅपटॉप हवा होता, तर आबा एसटीने नंदुरबारला गेले, तिथून आगगाडी पकडून खांडबाऱ्याला उतरले, गुरुजींच्या घरात भर दुपारी तीन तास स्वेटर घालून बसले, दोनदा जेवले, आणि उठताना म्हणाले, "पहिले आठे खिडकी पाडा. मशीन मंग." गुरुजींनी भिंत फोडली. त्या खिडकीला गल्लीत अजून लॅपटॉपची खिडकी म्हणतात, आणि लॅपटॉप कधीच जुना झाला तरी वारा नवाच येतो.

आता माझी गोष्ट.

अकरावी संपली होती, बारावी तोंडावर होती. माझा विषय आयटी, आणि प्रकल्प म्हणून एक व्हिडिओ करून द्यायचा होता. तेवढं अर्धं सत्य मी घरी सांगितलं होतं. उरलेलं अर्धं असं की दिवाळीत आत्याकडे सुरतेला गेले असताना आतेभावाच्या लॅपटॉपवर मी गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळले होते, आणि तेव्हापासून मला ताटातल्या पोळीतसुद्धा स्टिअरिंग दिसत होतं.

माझे वडील, त्यांना सगळे नाना म्हणतात, कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. जन्मभर उसाच्या गाड्या तोलल्यामुळे जगात कुठलीही दोन माणसं, दोन मतं किंवा दोन देव समोर आले तरी नाना आधी आकडा विचारायचे. त्यांनी जाहीर केलं : लॅपटॉप मिळेल. एकच मिळेल. तोच कॉलेज संपेपर्यंत पुरवायचा. चुकीचा निघाला, तर दुसरा नाही, मोबाइलवर भागवायचं. झालं, माझं सगळं भवितव्य, अभ्यासाचं आणि गाड्यांचंही, एका निवडीवर येऊन बसलं.

निवडीसाठी नाना मला आबांच्या दुकानात घेऊन गेले. आबांनी नानांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मला आत बोलावून हळूच विचारलं, "खेळशी का?"

"नाही आबा. फक्त अभ्यास."

आबांनी तो भुवया नसलेला चेहरा माझ्यासमोर आणला. "खोटं बोलनी तं मशीन खोटं येई, माय. माले खरं सांग."

मी बाहेर नानांच्या पाठीकडे पाहिलं आणि पुटपुटले, "खेळेन. रोज."

"कितला?"

"जितका वेळ मिळेल तितका."

"आते बरोबर," आबा म्हणाले, आणि इतके खूश झाले की त्यांनी मफलर सैल केला.

मग त्यांनी मला प्रोसेसर समजावला. पुढे मी कॉलेजात तो पुन्हा शिकले, चार वर्षं शिकले, पण इतका नीट कोणी शिकवला नाही. "हाई देख, प्रोसेसर म्हणजे ऊसतोडीनी टोळी. कोअर म्हणजे एक एक तोडकरी. तुन्हा शाळाना कामले दोन-चार तोडकरी पुरतस. व्हिडिओ कराले टोळी मोठी लागस. खेळाले तोडकरी कमी चालतीन, पन हात पळाले पाहिजे. आन ग्राफिक्स म्हणजे गाडीवान. तो येगळा पाहिजे. तोडकरीनीच ऊस तोडना आन तेनीच गाडी हाकनी, असं करं तं तुन्ही शर्यत कोन पळावई?"

"आय-फाइव्ह की आय-सेव्हन?" मी विचारलं.

"आकडा नको देखू. शेपटी देख." त्यांनी कागदावर प्रोसेसरचं लांबलचक नाव लिहिलं आणि शेवटच्या इंग्रजी अक्षरावर बोट ठेवलं. शेवटी यू असेल तर ते गरीब जनावर : कमी खातं, गार राहतं, बॅटरी दिवसभर पुरवतं, लिहिण्यावाचण्याला उत्तम. शेवटी एच असेल तर दांडगा बैल : खातो खूप, तापतो खूप, ओढतोही खूप. "बैल लेवाले गया तं आपन पहिले शेपटी धरतस ना? तसंच. आन शेपटी देखी की पोट देख. दांडगा बैलले पोट पाहिजे. हवा आत जावाले वाट पाहिजे, बाहेर येवाले वाट पाहिजे. पोट नही त्या बैलनं काय करशी?"

आणि त्यांनी माझ्यासाठी निवडला तो आय-फाइव्ह, एच शेपटीचा, वेगळ्या ग्राफिक्सचा, आणि असा जाडजूड की पहिल्यांदा उचलल्यावर मला वाटलं आत पाटा-वरवंटा आहे. मागच्या बाजूला ही भलीमोठी जाळी. मी मनातून रडकुंडीला आले. मला हवा होता आतेभावाचा तसला चंदेरी, सुरीसारखा पातळ.

नानांनाही पटलं नाही. "आबा, सात पाचपेक्षा मोठा शे का नही?"

"काट्यावर शे," आबा म्हणाले. "उन्हमा नही."

इथे आबांची रीत सांगायला हवी. आबा पहिल्या दिवशी लॅपटॉप विकतच नसत. आधी तो आठ दिवस घरी नांदायला पाठवत. आठव्या दिवशी भर दुपारी स्वतः घरी येत, यंत्र पत्र्याखाली पूर्ण जोरात चालवायला लावत, हात ठेवत, आणि मगच व्यवहार. वर सगळ्या वसाहतीला ठाऊक असलेला त्यांचा पण होता : मी निवडलेलं मशीन या आठ दिवसांत आपणहून बंद पडलं, तर दुकानाची पाटी उतरवीन. पाटी कधी उतरली नव्हती. तिच्यामागे चिमण्यांच्या पिढ्या सुखाने नांदत होत्या.

सात दिवस लॅपटॉप गुण्यागोविंदाने राहिला. मी व्हिडिओ चित्रित केला : विषय, आईच्या बिबड्या. ज्वारीच्या त्या पातळ, थाळीएवढ्या पापडांचा उन्हाळा सुरूच होता, आमच्या घरावरचा अख्खा धाबा त्यांनी भरला होता. माझ्या आईच्या बिबड्यांबद्दल एवढंच सांगते की नवापूरपर्यंतच्या सोयऱ्यांनी त्यांच्यासाठी एकमेकांशी बोलणं टाकलेलं आहे. पहिल्या उन्हाची पहिली चळत तर आई कोणालाच देत नसे. सख्ख्या भावालाही नाही.

सातव्या दिवशी आतेभाऊ सुरतेहून आला. सोबत तो चंदेरी लॅपटॉप, आत आय-सेव्हन, शेपटी एच. त्याने माझ्या काळ्या धोंड्याकडे पाहिलं आणि पोट धरून हसला. "मामा, आ शूं लई आव्या? हे लॅपटॉप आहे की जातं? पोरीचं करिअर बरबाद करणार तुम्ही. सांगा, सुरतेहून माझ्यासारखाच पाठवतो."

नानांनी रात्रीच्या जेवणाला निकाल दिला. उद्या आबा येतील तेव्हा दोन्ही मशीन एकाच पत्र्याखाली, एकाच वेळी, एकाच कामाला लावायची. जे टिकेल ते घ्यायचं. दोन्ही बसली तर मोबाइल. काट्यावर उभं केल्यासारखं.

आठवा दिवस उजाडला, आणि उजाडताच तापला. ऊन असं की दारातली सायकल कलंडून सावलीला गेली. अकराच्या सुमाराला आबा आले, स्वेटर, मफलर, वर आज खास म्हणून पायमोजे. पडवीत टेबलावर दोन्ही लॅपटॉप शेजारी ठेवले. शेजारपाजारचे येऊन उभे राहिले. आई बिबड्या उलथायचं सोडून जिन्याच्या पायरीवर येऊन थांबली. मी दोन्हींवर तोच गेम लावला आणि मागे तोच व्हिडिओ तयार व्हायला सोडला. नाना घड्याळ घेऊन बसले.

पहिल्या मिनिटांत चंदेरी पुढे. खोटं कशाला बोलू, फार पुढे. आतेभावाच्या गाड्या पडद्यावरून अशा सुटल्या की बघणाऱ्यांनी पाय मागे घेतले. माझं मशीन गुरगुरत होतं. मग गुरगुर वाढली. मग त्यात मधेच खर्र, खर्र असा आवाज येऊ लागला. आबांनी मान वाकडी केली. हात ठेवला. "चहा," म्हणाले, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. पुन्हा हात ठेवला. या वेळी हात तिथेच राहिला.

आणि माझा लॅपटॉप बंद पडला. पडदा काळा.

पडवीत इतकी शांतता झाली की धाब्यावर बिबड्या वाळताना ऐकू आल्या. आतेभाऊ टाळी वाजवून ओरडला, "लो आबा! तमारो बैल तो बेसी गयो!" कोणीतरी हसलं. मागून कोणीतरी "पाटी" असं पुटपुटलं. नानांनी घड्याळ खिशात घातलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, यावरून मला सगळं कळलं. मला त्या क्षणी गाड्या आठवल्या नाहीत, प्रकल्प आठवला नाही. आबांचे हात तेवढे दिसले. स्वेटरच्या बाह्यांतून बाहेर आलेले, टेबलावर उपडे.

मग आबांनी नाक मशीनजवळ नेलं. एकदा हुंगलं. दुसऱ्यांदा डोळे मिटून हुंगलं. चेहरा नेहमीसारखाच कोरा, पण मान ताठ झाली. "नानाभाऊ, दहा मिनिट द्या," ते म्हणाले. "माय, तू बॅटरी ली ये. आपन मधला घरमा जाऊत. दुसरं कोनी येवानं नही."

मधल्या घरात मी बॅटरीचा उजेड धरला आणि आबांनी मशीन पालथं करून खालचं झाकण उघडलं. मी आत पाहिलं. पंख्याच्या पात्यांत अक्षता होत्या. जाळीत झेंडूच्या पाकळ्या कोंबलेल्या. सगळ्यावर हळद आणि कुंकू. आणि पंख्याच्या मुळाशी गुळाचा खडा, वितळून, करपून, पात्यांना घट्ट चिकटलेला. ज्या माणसाने जन्मभर साखर कारखान्यात श्वास घेतला, त्याच्या नाकाने करपलेला गूळ पडवीतूनच ओळखला होता.

सकाळी मी आंघोळीला गेले असताना आईने पूजा केली होती. नव्या वस्तूची पूजा आमच्याकडे होतेच : सायकलची होते, फवारणीच्या पंपाची होते. आज लेकीच्या मशीनची परीक्षा, म्हणून आईने जरा मनापासूनच केली होती. आणि यंत्राचं तोंड कुठलं हे न कळल्यामुळे, जिथून त्याचा श्वास येतो ती मागची जाळी म्हणजेच तोंड, असं समजून तिने तिथेच अक्षता वाहिल्या, फूल दिलं आणि गुळाचा नैवेद्य भरवला.

"आबा, मी सांगते बाहेर जाऊन," मी म्हटलं. "आईने..."

"चूप." आबांनी एक एक अक्षत चिमट्याने वेचली. पाकळ्या काढल्या. चिंधी ओली करून गूळ पुसला. सगळं मुठीत घेतलं आणि मूठ स्वेटरच्या खिशात रिकामी केली. "माय, आज बाहेर दहा लोके शेतस. तुन्हा बाप शे, तुन्ही आत्याना पोऱ्या शे. तुन्ही मायनं नाव जर निघनं, तं हाई गोठ तिले जन्मभर ऐकनी पडी. दर सणले. दर लगीनमा. पाटी मन्ही शे. ती लाकूडनी शे, तिले काय लागस?"

झाकण लावून आबा बाहेर आले. सगळ्यांसमोर उभे राहिले. आणि शुद्ध मराठीत, कारखान्यात साहेबांसमोर बोलायचे त्या मराठीत म्हणाले, "पंख्याचा स्क्रू माझ्या हातून ढिला राहिला होता. चूक माझी आहे. मशीनची नाही."

"मग पाटी?" आतेभाऊ म्हणाला.

"पाटी उतरेल. पण आधी शर्यत पुरी करू."

पुन्हा दोन्ही मशीन चालू झाली. तोच गेम, तोच व्हिडिओ. पुन्हा चंदेरी पुढे. आणि मग, नानांच्या घड्याळावर पाव तास व्हायच्या आत, आतेभावाच्या गाड्यांना काहीतरी झालं. त्या अडखळू लागल्या. मग सरकू लागल्या. मग अशा चालू लागल्या जशी पाडव्याच्या बाजाराहून परतणारी, गाडीवान झोपलेली बैलगाडी. आबांनी पालथा हात त्या चंदेरी पाठीवर ठेवला आणि चटकन काढला. ज्याने उकळता चहा फुंकर न मारता प्यायला त्या माणसाने हात काढला, यावरून काय ते समजा. "भाकर," ते म्हणाले. "पोऱ्या, तुन्हं मशीन चांगलं शे. सात बी खरा, शेपटी बी खरी. पन ह्यान्हं पोट कोठे शे? आग आत कोंडाई गयी. आते ते जीव वाचाडाले हळू चाली ऱ्हायनं." आतेभाऊ म्हणाला, सुरतेला एसी आहे. आबा म्हणाले, मग सुरतेलाच चालव, तिथे ते घोड्यासारखं पळेल. शेजारच्या काकूंनी गंमत म्हणून एक कच्ची बिबडी त्या लॅपटॉपवर ठेवली. ती भाजून फुलली असं मी कॉलेजात सगळ्यांना सांगत असे. फुलली नव्हती. पण कडेने वळली होती, हे मी शपथेवर सांगते.

आणि माझा काळा धोंडा? तो गर्जत होता. पंखा असा भरात आला की वसाहतीत दोघा-तिघांना कारखान्याचा भोंगा वाटला आणि ते डबा घेऊन पाळीला निघाले. आबांनी हात ठेवला. डोळे मिटले. जिन्यावर आई पदर तोंडाला लावून उभी होती.

"चहा," आबा म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा हात ठेवला. "चहाच."

नानांनी अर्धा तास पूर्ण होऊ दिला, काट्याच्या शिस्तीने, एकही मिनिट न सोडता. मग उठले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पाच सातपेक्षा मोठा निघना वं." त्यांच्या आयुष्यातला आकड्याविरुद्धचा तो एकमेव निकाल.

आबांना मात्र नानांनी, शेजाऱ्यांनी, अगदी आतेभावानेही विनवलं : मशीन जिंकलं, आता पाटी कशाला उतरवता? आबा ऐकेनात. "बंद पडनं ते पडनं." दुसऱ्या दिवशी त्यांनी शिडी लावली आणि पाटी काढून दुकानात भिंतीकडे तोंड करून ठेवली. सगळा पावसाळा दुकान बिनपाटीचं होतं. आबा आत तसेच बसत, लोक तसेच येत, पण नवखे लोक फाटकासमोर उभे राहून विचारत, "ते गरमवाले आबा कुठं बसतात?" दरवेळी ते ऐकलं की मीच त्यांना आत नेऊन सोडत असे. मी दोनदा आईला सांगायला गेले, आणि दोनदा आबांचा कोरा चेहरा आठवून परत फिरले.

दसऱ्याला पाटी पुन्हा वर चढली. खाली नवी ओळ होती : "मशीनच्या मागच्या बाजूला काहीही घालू नये." अशी ओळ कशासाठी, हे वसाहतीत कोणाला कळलं नाही. उंदरांसाठी असेल, असं सर्वानुमते ठरलं.

त्या जाड लॅपटॉपवर मी बारावी केली, कॉलेज केलं, आणि इतक्या शर्यती जिंकले की प्रत्यक्षात मला सायकल धड चालवता येत नाही हे कोणी मानत नाही. मुंबई-पुण्याची चिकणी मशीनं सोबतच्या मुलींनी दोन दोनदा बदलली. माझा धोंडा हलला नाही. आबा अजून आहेत. दुकानात आता कमी बसतात, पण मे महिन्यात स्वेटर घालतात, आणि गेल्या खेपेला भेटले तेव्हा त्यांनी माझ्या फोनवर पालथा हात ठेवून "आंघोळ" असं समाधानाने सांगितलं.

एक गोष्ट मला इतकी वर्षं उमजली नव्हती. त्या वर्षापासून आईच्या बिबड्यांची पहिली चळत, जी सख्ख्या मामाला कधी मिळाली नाही, ती दर उन्हाळ्यात आबांच्या घरी जाते. मी विचारलं की आई म्हणायची, "म्हातारा मानूस शे, मऊ खास." बिबडीइतकी कडकडीत वस्तू मऊ खाणाऱ्याला का, हे मी विचारलं नाही. आमच्या घरात आईला दुसरा प्रश्न विचारत नाहीत.

आता नोकरी लागली, आणि ह्या उन्हाळ्यात मी नवा लॅपटॉप घेऊन घरी गेले. शेपटी बघितली, पोट बघितलं, मगच घेतला. टेबलावर ठेवला तशी आई ताट घेऊन आली : हळद, कुंकू, अक्षता, झेंडू आणि गूळ. मी लॅपटॉपच्या मागच्या जाळीवर हात आडवा धरला. कसं सांगावं हे मी शोधत असतानाच आईने ताट खाली ठेवलं आणि पदराला हात पुसत म्हणाली, "तू नको सांगू. माले माहीत शे."

"काय माहीत आहे?"

"त्या दिनले आबाना स्वेटरना खिसा पिवळा दिसना माले. त्यान्हा आठे हळद कशी लागनी, असं म्हणीसन मी सगळं समजनी. दुसरा दिनले गयी आन पाया पडनी त्यास्ना. पाटी लावा म्हणं, मी सगळास्ले सांगस. तं काय बोलना म्हातारा, ठाऊक शे?" आईने आबांसारखा कोरा चेहरा केला, भुवया बोटांनी झाकून. "'पूजा बरोबर व्हती वहिनी, फक्त जागा चुकनी. दसराले आम्ही बॉयलरले बी हार घालूत. पन धुराडीमा नही.'"

आणि ती इतकी हसली, की धाब्यावरचे कावळे उडाले. दोन्ही पाय टेकवून बसलेले होते, तरी उडाले.

मग तिने डोळे पुसले, बोट कुंकवात बुडवलं, लॅपटॉपवर नीट वाकली आणि मला म्हणाली, "पहिले दाखाड, ह्यान्ही धुराडी कोठे शे?"